पाठमोऱ्या मावशी

शकुमावशी योगासनं शिकवतात त्या आपल्याकडे पाठ फिरवून. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मला कुणीही पाठ फिरवली की आधी तेच वाटतं. मी हळूच माफी मागितली. मावशी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "माफी कशापायी? हात वर कर."

मी हात वर केले. तेव्हापासून माझी आणि मावशींच्या पाठीची चांगली ओळख आहे. काष्टा कुठे खोचलाय, स्वेटरला उजव्या खांद्यावर केवढं भोक आहे, अंबाड्याला किती आकडे लागतात, सगळं डोळे मिटून सांगेन. योग करताना त्यांचं तोंड कसं होतं ते मात्र विचारू नका.

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. कुसगावात त्यांचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे. दोन खोल्यांत त्या, तिसरीत मी. मधली भिंत इतकी पातळ की मी इकडे लसूण सोलायला घेतला की तिकडून विचारणा होते, "चटणी का?" वय त्यांच्या हिशेबानं साठ आणि वर थोडं. हा थोडा भाग त्या गेली काही वर्षं वाढू देत नाहीत. अंगावर नऊवारी, आणि आषाढ ते भाद्रपद तिच्यावर मुलाचा कंपनीत मिळालेला जुना स्वेटर. मुलगा पिंपरीकडे फ्लॅटमध्ये राहतो. "आई, इकडं ये, बाल्कनीत ऊन येतं," असा त्याचा फोन येतो. मावशी म्हणतात, "तुजं ऊन तू खा."

आता पाठ फिरवण्याचं कारण. लोणावळ्यात योगाच्या एका संस्थेत मावशी अठ्ठावीस वर्षं फरशी पुसायला होत्या. तिथे एक मोठा हॉल, हॉलच्या मागच्या अंगाला लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात उघडणाऱ्या सात खिडक्या. योग चालायचा आत, मावशी बाहेर. खिडक्या मागच्या बाजूला, त्यामुळे शिकणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसायच्या. अठ्ठावीस वर्षं पाठीच बघितल्यावर मावशींची खात्री झाली की योग ही पाठीनं करायची गोष्ट आहे.

"पण तोंडाचं काय करायचं मावशी? हसरं ठेवायचं का?" मी विचारलं होतं.

"तोंड म्या न्हाई बघितलं. तुला काय करायचं ते कर."

दुसरी अडचण बादलीची. पहिल्या खिडकीशी बादली ठेवली की आतली माणसं हात वर करून उभी असायची. पुसत पुसत दुसरीपाशी यावं तर ती वाकलेली. तिसऱ्या खिडकीच्या आत नेमका खांब होता. चौथीतून बघावं तर सगळी आडवी. उभा माणूस आडवा कसा झाला हे अठ्ठावीस वर्षांत मावशींना कळलं नाही, कारण ते दरवेळी खांबामागे झालं. म्हणून आमच्या योगातही ती जागा आली की मावशी हाळी देतात, "खांब आला." खांब आला की ज्यानं त्यानं आपापल्या मनानं खाली जायचं. मी भिंतीला धरून इंचाइंचानं उतरते. मावशी आधी एक हात टेकतात, मग दुसरा, आणि मग "आई गं" म्हणतात. हे "आई गं" बहुतेक मूळ योगात नसावं.

काचा बंद असल्यामुळे आसनांची नावं ऐकू यायची नाहीत. ती मावशींनी स्वतः ठेवली आहेत. कमरेत पिळा देऊन मागं बघायचं ते फडकंपिळ. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायचे ती लावणी. मावशींचं माहेर वडिवळ्याचं, धरणाच्या अंगाला, सगळी भातशेती, त्यामुळे वाकून उभं राहण्याचं दुसरं नाव त्यांना माहीत नाही. कुशीवर पडून एक पाय वर करायचा ती रुसलेली म्हस. श्वासही बाहेरून दिसत नाही. श्वास कधी घ्यायचा विचारलं तर मावशी म्हणतात, "लागंल तवा."

हे सगळं कशासाठी, तर ढग उठवायला. मावशींच्या मते माणूस उदास होत नाही, माणसावर ढग बसतो.

"आषाढ लागला की ढग डोंगरावर बसत्यात," त्या समजावून सांगतात. "डोंगर भरलं की घरांवर. घरं भरली की मग मानसांवर बसत्यात. जागा कुटं ऱ्हायली त्यास्नी? आन् बसनार पाठीवर. तोंडावर बसला आसता तर हातानं नसता का हाकलला?"

म्हणून रोजचा योग संपला की मावशी मला पालथं झोपवतात आणि पाठीवरून केरसुणी फिरवतात. मानेपासून कमरेपर्यंत, तीन वेळा. पहिल्यांदा मी घाबरले. आमच्याकडे केरसुणी लक्ष्मी, अंगाला लावत नाहीत. तसं म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "मग लक्ष्मी अंगाला लागली तर बिगडलं कुटं?"



मी परभणीकडची. आमच्याकडे ऊन म्हणजे घरातल्या थोरल्या जावयासारखं, न बोलावता येतं आणि सगळ्यात चांगली खाट अडवून बसतं. त्याला कंटाळून मोठी झाले. नवरा ट्रेलरवर. त्याला खोपोलीकडच्या मालाचं काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो. तो महिन्यातून दोन दिवस घरी असतो. आला की झोपतो आणि उठला की जातो. मला कुसगावातच एका हॉटेलात लॉंड्रीत काम लागलं. चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या. उन्हाळ्यात आले तेव्हा वाटलं, आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही.

मग आषाढ आला. सतरा दिवस सूर्य दिसला नाही. मिठाला पाणी सुटलं, काड्या पेटेनात, चपलांवर बुरशी आली, लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या गालावर डाग उठले. दार उघडलं की धुकं पाहुण्यासारखं सरळ आत यायचं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं दोन-दोन तास गाडीत अडकून हे बघायला येतात आणि "काय वातावरण आहे" म्हणतात. मला वाटायचं, जाताना थोडं डब्यात भरून न्या की.

हॉटेलात दोन ड्रायर, त्यातला एक नेहमी दुरुस्तीला. चादरी वाळेनात आणि माझं रडं थांबेना. कारण काही नाही. अभ्रा झटकला की रडू. कुणी जेवलीस का विचारलं की रडू. रडायला चादर बरी असते, ती आधीच ओली असते, कुणाला शंका येत नाही. पण मनात धास्ती एकच. आमच्या मॅडमनी कामावर घेतानाच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत टिकलीस तर तुला कायम करू. ह्या लॉंड्रीत अख्खा पावसाळा अजून कुणी काढलेला नाही." मी आठवीत शाळा सोडलेली बाई. कायम हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. तो हातचा घालवायचा नव्हता, आणि रोज सकाळी उठून गावाला पळून जावंसं वाटत होतं.

त्यात भर घातली सोपानभाऊंनी. भाऊ समोर राहतात. लोणावळ्याच्या धरणाच्या रस्त्याला त्यांची भज्यांची गाडी असते. त्यांना ढग हवेच असतात, धुकं दाटलं की कांदा कापायला घेतात. मावशींच्या पडवीत ओळीनं पाच खुंट्या आहेत. चारांवर चार छत्र्या. मी विचारलं, एकट्या बाईला चार छत्र्या कशाला?

"ह्या हिच्या भाडेकरनी," भाऊ म्हणाले. "येका पावसाळ्याला येक. चौगी उनाच्या मुलखातल्या. श्रावन लागला की बॅग उचलली आन् गेल्या. छत्री हितंच ठिवून. तिकडं कशाला लागतीय? तुजी कंची हाय?"

"निळी. फुलाफुलांची."

भाऊंनी पाचव्या खुंटीकडे एकवार बघितलं. "बरी दिसंल."

दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मधल्या भिंतीवर तीन थापा पडल्या. मी उशीत तोंड खुपसून रडत होते. आवाज न करता रडते असा माझा समज होता.

"उठली का गं? चल ढग उठवायला."

मी म्हटलं, बरं नाही. पलीकडून आवाज आला, "बरी आसतीस तर बोलावली कशाला आसती?"

असा आमचा योग सुरू झाला. रोज सहाला तीन थापा. मावशींच्या बाहेरच्या खोलीत गोणपाट अंथरायचं, त्यावर चटई. पुढे मावशींची पाठ, मागे मी. आठवड्याभरात सोपानभाऊही आले. कढईपाशी उभं राहून त्यांच्या कमरेत लचक भरली होती. मावशींनी विचारलं, "ढग बसला व्हय रं?" भाऊ म्हणाले, "ढग न्हाई, कढई बसलीय." खांब आला की भाऊ कसलाही विचार न करता धाडकन पडायचे. पत्रा थरथरायचा. आणि मग आडवे झाले की झोपायचे. मावशी म्हणायच्या, "त्याला हाय तसा ऱ्हाऊ द्या, त्याचा योग आत गेलाय." आत गेलेला योग चांगला घोरायचा.

मी मात्र हळूहळू सुधारत होते. काय लागू पडलं मला माहीत नाही. फडकंपिळ, की म्हस, की केरसुणी. कदाचित सहा वाजता कुणीतरी भिंत वाजवणार आहे हे माहीत असणं. पण रडू दिवसातून चार वेळांऐवजी दोन वेळा येऊ लागलं, तेही ठरावीक वेळी. मी ही गोष्ट भोळेपणानं मॅडमना सांगितली. ती चूक झाली.

आमच्या हॉटेलात रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी योगाचा तास असतो. पुण्याहून एक शिकलेले सर येतात. त्या रविवारी सर महामार्गावर अडकले. हॉलमध्ये चौदा पाहुणे रंगीत चटया टाकून बसलेले. मॅडम लॉंड्रीत धावत आल्या. "तू करतेस ना योग? चल."

चौदा माणसांसमोर उभं राहायचं तर दूरच, चौदा टॉवेलांसमोर सुद्धा मला कुणी बघितलं की घड्या चुकतात. मी मावशींना फोन लावला. वीस मिनिटांत भाऊंच्या स्कूटरवरून मावशी हजर. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, काखेत केरसुणी.

मॅडम केरसुणीकडे बघून म्हणाल्या, "झाडायचं नाहीये मावशी, योग आहे."

"तेच करायला आलीया," मावशी म्हणाल्या. सरळ पुढे गेल्या आणि चौदा पाहुण्यांकडे पाठ करून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "हात वर."

अर्ध्या चड्डीतले एक साहेब म्हणाले, "आजी, इकडे तोंड करा ना, नीट दिसत नाही."

"माजं काय बगायचंय? तुमी तुमचं करा."

लावणी झाली. फडकंपिळ झालं. मग मावशी म्हणाल्या, "खांब आला." सगळे इकडेतिकडे बघायला लागले. हॉलमध्ये खांब नव्हता. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे?"

"मदलं ठावं नसलं की खांब. आपल्या मनानं खाली या."

दोघातिघांनी माना हलवल्या. एका मुलीनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. साहेबांनी विचारलं, "आणि श्वास कधी सोडायचा?" मावशींनी काळजीनं मान तिरकी केली. "धरून ठिवलाय व्हय? सोडा, सोडा."

सगळे आडवे झाले. म्हस झाली, मग शांतता. मी भिंतीला चिकटून मनात पुढचं काम शोधत होते, कारण हे गेल्यातच जमा होतं. तेवढ्यात मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रडतंय कोन?"

मग दिसलं, तिसऱ्या रांगेतल्या एक बाई, चांगल्या कपड्यातल्या, चांगल्या घरच्या, छताकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. त्यांचे यजमान शेजारी पडल्या पडल्या लाजले.

"रडू द्या," मावशी म्हणाल्या. "भाईर पाऊस हाय, कुनाला कळनार न्हाई."

मग सगळे पालथे झाले आणि चौदा पाठींवरून केरसुणी फिरली. त्या बाईंच्या पाठीवरून पुन्हा एकदा. मॅडम कोपऱ्यात पांढऱ्या पडल्या होत्या. पण जाताना त्या बाईंनी मॅडमचा हात धरून विचारलं, पुन्हा कधी आहे हा योग? मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी केरसुणी नवी आणायला सांग."

परतताना मी मावशींना विचारलं, तुमची पाठ होती, त्या बाईंनी तर आवाजसुद्धा केला नाही. मग कळलं कसं?

"रडनारं मानूस श्वास धरतंय," मावशी म्हणाल्या. "येक श्वास कमी आयकू आला."

श्वासाबद्दल मावशींना काही माहीत नाही असं मी समजत होते.

श्रावण लागला आणि भावाचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, चार दिवस ये. मॅडमनी सुट्टी दिली, पण म्हणाल्या, "पाचव्या दिवशी आली नाहीस तर दुसरी बघावी लागेल. श्रावणात गेलेल्या परत येत नाहीत, मला माहिती आहे." मी येते म्हटलं. खरं सांगायचं तर बॅगेत मी चार दिवसांपेक्षा बरेच जास्त कपडे भरले. सगळेच भरले. ठरवून नाही. हातच कपडे भरत गेला.

मावशी दारात उभ्या होत्या. "चार दिसाला येवडी बॅग?"

मी म्हटलं, "कपडे वाळत नाहीत मावशी. तिकडे उन्हात वाळवून आणते."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. आत गेल्या आणि त्यांची गोधडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, मधे मधे संस्थेच्या कामाच्या निळ्या साडीचे तुकडे लावलेली. हाताला गार आणि दमट लागत होती. "मग ही बी आन वाळवून. महिनाभर वलीच हाय."

"तुम्ही काय पांघराल?"

"स्वेटर हाय की."

बॅग, गोधडीचं गाठोडं आणि रिक्षाची घाई ह्यात माझी छत्री पडवीच्या कोपऱ्यात राहिली. देवाशपथ सांगते, विसरले. लक्षात आलं तेव्हा लोकल तळेगावच्या पुढे गेली होती आणि मला पाचवी खुंटी दिसत होती. मावशींना फोन करावा असं मनात आलं. पण काय सांगणार? छत्री विसरले, येणार आहे? की येणार आहे हे मलाच नक्की नाही? नाही केला फोन. त्याची मला अजून लाज वाटते.

परभणीला ऊन होतं. श्रावणातलं, मधून मधून पडणारं, पण ऊन. पहिल्याच दिवशी गोधडी पत्र्यावर टाकली. दोन तासांत कडक वाळली. आईच्या डोळ्याला पट्टी. ती चाचपडत गोधडीवर हात फिरवून म्हणाली, "कुणाची गं ही? हाताची शिवण आहे." मी सांगितलं. आई म्हणाली, "राहा की आता इथंच. काय ठेवलंय तिकडं त्या पाण्यात?" तीन दिवस रोज ती गोधडी उन्हात टाकली. वाळलेलीच पुन्हा वाळवली. रोज सकाळी सहाला जाग यायची आणि भिंतीकडे कान जायचा. आईची भिंत दगडाची, दीड हात जाड. तिच्यातून काही येत नाही.

चौथ्या दिवशी घडी घालताना गोधडीला उन्हाचा वास येत होता. दुसऱ्याचं पांघरूण आपण ठेवून घेऊ शकत नाही, एवढं मला आठवीपर्यंतच्या शाळेतसुद्धा शिकवलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

पुण्याहून सकाळची लोकल धरली. घोरावाडीपर्यंत बाहेर उजेड होता. कामशेत सुटलं आणि काचा पांढऱ्या झाल्या. लोणावळ्याला उतरून रिक्षानं कुसगावात आले तेव्हा नऊ वाजले असतील. सोपानभाऊ दारात मिरच्या निवडत होते. मला बघून त्यांच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"आलीस?"

मी आधी पडवी बघितली. चार खुंट्यांवर चार छत्र्या. पाचवी रिकामी. माझी निळी छत्री जमिनीवर उघडी करून ठेवलेली होती, वाळत घालतात तशी. ती केव्हाच वाळली होती.

"म्या टांगाय गेलतो," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "हातावर चापट मारली तिनं. म्हनली, वली हाय आजून. रोज उगडून ठिवतीय."

"आणि योग?"

"कसला योग? पडून हाय तवापासनं, भिताडाकडं तोंड करून. सकाळची तेवडी सा वाजता उठती, तुज्या भिताडाला तीन थापा मारती, आन् परत पडती."

"पण मी नव्हते ना."

"ते मी बी म्हनलो. म्हनली, ठावं हाय." भाऊंनी मिरचीचं देठ मोडलं. "रिटायर झाली त्या पावसाळ्यात बी आशीच पडलीवती. म्हैनाभर. माजी बायको पेज नेऊन द्यायची. मग तुज्या खोलीत पयली भाडेकरीन आली. ती रडताना हिला आयकू आलं, तवा उठली. येकटीनं कदी करत न्हाई ती. पोरगं ये म्हनतंय, तर म्हनती, तिकडं पल्याड कोन रडतंय का? मग मी काय करू जाऊन?"

मी आत डोकावले. मावशी बाजेवर कुशीला वळून पडल्या होत्या. अंगावर स्वेटर, त्यावर पडवीत वाळत राहिलेली माझी जुनी चादर. मला पाठ दिसली. पाठ मी ओळखते. ह्या पाठीवर ढग बसला होता.

हाक मारणार होते, पण काय म्हणायचं ते सुचेना. आले म्हणायचं, तर जाणार होते हे कबूल करावं लागणार. मग मी माझ्या खोलीचं कुलूप काढलं, बॅग टेकवली आणि मधल्या भिंतीवर तीन थापा मारल्या.

"उठल्या का मावशी? चला ढग उठवायला."

पलीकडे काही नाही. मग बाज करकरली.

"गोदडी वाळली का?"

"वाळली."

"मग कोरड्या जागी ठिव. आलेच."

गोणपाट मी अंथरलं. सोपानभाऊ मिरच्या सोडून आले. मावशी आल्या त्या दारातूनच पाठ वळवून, तिरक्या तिरक्या, आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. हात वर झाले. लावणी झाली. फडकंपिळ झालं. मी मागून विचारलं, "चार दिवस काय केलंत मावशी?"

"मदी खांब आला व्हता," मावशी म्हणाल्या, आणि एक हात टेकून खाली बसल्या. भाऊ धाडकन पडले. पत्रा थरथरला. मी भिंतीला धरून उतरले.

मग सगळे आडवे. बाहेर पावसाचा एकसुरी आवाज, भाऊंचं घोरणं अजून सुरू व्हायचं होतं. त्या शांततेत मला एक श्वास कमी ऐकू आला.

मी उठले आणि कोपऱ्यातली केरसुणी घेतली. मावशी कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या पाठीवरून केरसुणी फिरवली, मानेपासून कमरेपर्यंत, स्वेटरच्या भोकावर जरा हलक्या हातानं. एकदा, दोनदा, तीनदा. पाठ थोडी हलत होती.

तोंड मी बघितलं नाही. ते आमच्या योगात नाही.